उशाशी बसणाऱ्यांचा इतिहास

इतिहास म्हटलं की आपल्याला गड, लढाया आणि राजे आठवतात. आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास घरातला आणि दवाखान्याच्या वॉर्डातला आहे. ज्या लेकरांच्या मेंदूला पोटात असताना, जन्मताना किंवा नंतर इजा झाली, त्यांना सांभाळायचं कसं हे माणसांना हळूहळू कळत गेलं. कुणामुळे कळलं आणि कसं कळलं, त्याची ही हकिगत.

आपल्या गावात अशी लेकरं आहेत. आपण त्यांच्याबद्दल बोलतो तेव्हा म्हणतो, "वर्षाचं झालं तरी मान धरत नाही", "घ्यायला गेलं की अंग ताठ करतं", "पाय कात्रीसारखे एकात एक अडकतात", "दूध घशात अडकतं", "सारखी फिट येते". यातल्या बऱ्याच मुलांच्या कागदावर डॉक्टर 'सेरेब्रल पाल्सी' असं लिहितात. मराठीत त्याला मेंदूचा पक्षाघात म्हणतात. तो संसर्गाने पसरत नाही. मेंदूला झालेली इजा पुढे वाढतही नाही. पण लेकरू मोठं होत जातं तसं अंग आखडत जातं, हाडं वाकडी होतात, पोट साफ होत नाही, छातीत कफ साठतो. हे किती होईल आणि किती टळेल, ते रोजच्या सांभाळण्यावर बरंचसं अवलंबून असतं. म्हणून शुश्रूषेचा इतिहास आपल्या कामाचा आहे.

आईला दोष देण्याची जुनी सवय

सुरुवात लंडनपासून करू. तिथे विल्यम लिटल नावाचे डॉक्टर होते. लहानपणी आजारामुळे त्यांचा स्वतःचा पाय वाकडा झाला होता, त्यामुळे अशा मुलांकडे त्यांचं लक्ष जास्त. कित्येक वर्षं त्यांनी अशा मुलांच्या नोंदी ठेवल्या आणि १८६१ साली बाळंतपणाच्या डॉक्टरांच्या सभेत त्या वाचून दाखवल्या. त्यांचं म्हणणं होतं की अडलेलं बाळंतपण, दिवस भरण्याआधी झालेला जन्म आणि जन्मताना कोंडलेला श्वास यांमुळे या मुलांचे हातपाय ताठरतात. पुढे कित्येक वर्षं या दुखण्याला 'लिटलचा आजार' असंच नाव होतं.

मनाचे डॉक्टर म्हणून प्रसिद्ध असलेले सिग्मंड फ्रॉइड आधी मेंदूच्या आजारांचे डॉक्टर होते. १८९७ साली त्यांनी वेगळी शंका मांडली. बाळाच्या मेंदूत पोटात असतानाच काही बिघडलं असेल आणि त्यामुळेच बाळंतपण अवघड गेलं असेल, असं ते म्हणाले. आज डॉक्टर मानतात की या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. पुष्कळ मुलांमध्ये कारण जन्माआधीचंच असतं. काहींमध्ये ते फार लवकर जन्मण्याचं असतं, काहींमध्ये श्वास कोंडण्याचं, काहींमध्ये नंतरच्या कावीळीचं किंवा मेंदूज्वराचं.

हे सविस्तर सांगायचं कारण असं, की आपल्याकडे अजून पहिलं बोट आईकडेच जातं. ग्रहणात भाजी चिरली असेल, सातव्यात प्रवास केला असेल, कुणाची नजर लागली असेल. दीडशे वर्षं शास्त्रज्ञ ज्या कारणांचा शोध घेत आहेत, त्यांत विळीवर चिरलेली भाजी कुठेही नाही. ज्या घरात असं लेकरू आहे तिथे आईला हे एकदा कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, आणि सासूच्या समोर सांगायला हवं.

गरम कापड आणि हलते पाय

कारणांवर वाद चालला, पण लेकरांना सांभाळायचं कसं हे बराच काळ कुणी फारसं सांगत नव्हतं. ताठ झालेली शीर कापायची, पायाला लोखंडी पट्ट्या बांधायच्या, प्लॅस्टर घालायचं, नाहीतर खाटेवर ठेवून द्यायचं, एवढेच उपाय होते.

इथे आम्ही थोडं पोलिओकडे वळतो. पोलिओ मुख्यतः मणक्यातल्या मज्जारज्जूवर घाव घालतो, मेंदूच्या पक्षाघातापेक्षा तो वेगळा. पण लुळ्या लेकराला नुसतं निजवून ठेवायचं नसतं, हा धडा जगाला मोठ्या प्रमाणावर पोलिओनेच शिकवला. आणि तो शिकवणारी बाई ऑस्ट्रेलियाच्या आडरानातली होती.

तिचं नाव एलिझाबेथ केनी. नर्सिंगच्या शाळेचं प्रमाणपत्र तिच्याकडे नव्हतं. घोड्यावरून वस्त्यावस्त्यांवर जाऊन ती आजाऱ्यांची सेवा करी. तिने स्वतः सांगितलेली आठवण अशी, की १९११ साली एका वस्तीवर एक मूल वेदनेने तळमळत होतं, अंग आखडलं होतं. तिने लांबच्या डॉक्टरांना तार केली. उलट तार आली की हा लहान मुलांचा पक्षाघात आहे, यावर औषध नाही, तुला जमेल तसं कर. तिने लोकरी ब्लँकेट फाडून त्याच्या पट्ट्या केल्या, उकळत्या पाण्यात बुडवून घट्ट पिळल्या आणि दुखऱ्या अंगाला गुंडाळल्या. दुखणं उतरल्यावर ती हातपाय हलक्या हाताने हलवू लागली आणि मुलालाही हलवायला लावू लागली.

तेव्हाच्या मोठ्या दवाखान्यांत नेमकं उलटं चाले. पोलिओच्या मुलाचे हातपाय प्लॅस्टरमध्ये नाहीतर फळीला बांधून महिनोन्‌महिने स्थिर ठेवत. केनीने ते सोडवायला सांगितलं. १९३८ साली तिथल्या डॉक्टरांच्या सरकारी आयोगाने तिच्या पद्धतीविरुद्ध अहवाल दिला. १९४० साली ती अमेरिकेत गेली. मिनियापोलिस शहरातल्या डॉक्टरांनी तिचं काम पाहिलं आणि १९४२ मध्ये तिथे तिच्या नावाची संस्था उभी राहिली. हळूहळू प्लॅस्टर मागे पडलं. पोलिओ कसा होतो याबद्दल तिने मांडलेली सगळी मतं पुढे टिकली नाहीत. पण वेदना कमी करायची, अंग आखडू द्यायचं नाही आणि मुलाला स्वतः हालचाल करायला लावायची, ही तिची रीत टिकली.

त्याच सुमाराला मुंबईत फातिमा इस्माईल यांच्या छोट्या मुलीला पोलिओ झाला. त्यांनी तिला मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे नेलं. उपचारांनी मुलगी सुधारली. मग या आईला वाटलं, मला मद्रासला जाता आलं, बाकीच्या मुलांचं काय? १९४७ साली त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्याच संस्थेतून पुढे हाजीअलीला मुलांचं रुग्णालय उभं राहिलं. १९५५ साली अपंगांच्या पुनर्वसनाची केंद्र सरकारची मोठी संस्थाही हाजीअलीलाच आली.

भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ साली सापडला. पण मेंदूच्या इजेची मुलं आजही आहेत.

एका सिस्टरने पाहिलेला पिवळा कोपरा

आता आमची सगळ्यांत आवडती हकिगत.

नवजात बाळांना कावीळ होते हे तुम्हाला माहीत आहेच. बहुतेकांची आपोआप उतरते. पण ती फार वाढली तर तो पिवळा पदार्थ मेंदूत उतरतो आणि कायमची इजा करतो. मूल बहिरं होऊ शकतं, हातपाय आपोआप वेडेवाकडे हलत राहतात. १९५० च्या सुमाराला यावर मुख्य उपाय एकच होता, बाळाचं सगळं रक्त बदलायचं. तो अवघड आणि जोखमीचा होता.

इंग्लंडमध्ये रॉचफर्ड नावाच्या गावातल्या दवाखान्यात कमी दिवसांच्या बाळांचा वॉर्ड होता. सिस्टर वॉर्ड त्याच्या प्रमुख. कोंदट, गरम खोलीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवतं, असं त्यांचं मत. हवा चांगली असली की त्या बाळांना अंगणात नेत आणि डॉक्टर फेरीला यायच्या आत परत आणून ठेवत. १९५६ च्या उन्हाळ्यात एक दिवस फेरीच्या वेळी त्यांनी बिचकतच एका बाळाचे कपडे काढून डॉक्टरांना दाखवलं. बाळाचं अंग फिकट झालं होतं, पण एक त्रिकोणी तुकडा तेवढा गर्द पिवळा होता. डॉक्टरांना वाटलं सिस्टरने तिथे काही औषध फासलंय. सिस्टर म्हणाल्या, तसं नाही. त्या जागेवर चादरीचा कोपरा आला होता. तो तुकडा पिवळा झाला नाही, बाकीचं अंग उन्हाने उजळलं.

तेव्हा ते तिथेच राहिलं. काही दिवसांनी कावीळ झालेल्या दुसऱ्या एका बाळाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहून गेली आणि तपासणीत त्यातली कावीळ अचानक कमी दिसली. मग डॉक्टरांना सिस्टरचा तो पिवळा कोपरा आठवला. त्यांनी प्रयोग केले, निळ्या नळ्यांचे दिवे लावून पाळणा बनवला आणि १९५८ साली ते छापलं. आज आपल्या जिल्हा रुग्णालयात कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्याचं मूळ हे आहे. त्या दिव्याने जगभरातल्या कितीतरी लेकरांचा मेंदू वाचवला.

यातून घरी काय घ्यायचं? बाळाला कावीळ दिसली तर नुसतं कोवळ्या उन्हात ठेवून वाट बघू नका. त्या उन्हावर विसंबण्याचे दिवस गेले, आता मोजून उजेड देणारे दिवे आहेत. पण सिस्टर वॉर्डची नजर मात्र घ्या. आपली बाळंतिणीची खोली अंधारी असते, दारं-खिडक्या बंद असतात आणि पिवळ्या बल्बच्या उजेडात कावीळ दिसतच नाही. रोज एकदा बाळाला दिवसाच्या उजेडात आणून उघडं करून पाहा. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ सुस्त होऊन प्यायचं कमी झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळगुटी, तावीज, मंतरलेली माळ यांत एक दिवसही घालवू नका.

कडेवर घेण्याचं शास्त्र

बर्था बोबाथ या मूळच्या बर्लिनच्या, व्यायाम शिकवणाऱ्या बाई. त्या ज्यू होत्या. हिटलरच्या काळात त्यांना देश सोडून लंडनला यावं लागलं. पक्षाघात झालेल्या एका चित्रकाराला १९४३ साली व्यायाम देताना त्यांच्या लक्षात आलं, की ताठ झालेला हात नुसता ओढून सैल होत नाही. अंग कसं ठेवलंय, खांदा आणि मान कुठे आहे, यावर तो ताठपणा वाढतो किंवा कमी होतो. हीच गोष्ट त्यांनी मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलांमध्ये पाहिली. त्यांचे पती कारेल डॉक्टर होते. दोघांनी मिळून लंडनला या मुलांसाठी केंद्र चालवलं.

त्यांच्याबरोबर काम केलेल्या नॅन्सी फिनी यांनी १९६८ मध्ये आईवडिलांसाठी एक पुस्तक लिहिलं. घरी अशा मुलाला उचलायचं कसं, भरवायचं कसं, कपडे घालायचे कसे, हेच त्यात चित्रांसह होतं. दिवसातून अर्धा तास व्यायाम आणि बाकी साडेतेवीस तास चुकीचं धरणं, असं होऊ नये हा त्यामागचा विचार. उचलणं, अंघोळ, जेवण हीच उपचाराची वेळ धरायची. पुढे १९८७ साली डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतल्या खेड्यातल्या अपंग कार्यकर्त्यांच्या अनुभवातून गावोगावच्या अपंग मुलांसाठी एक जाडजूड पुस्तक केलं. लाकूड, पुठ्ठा, जुनं टायर अशा हाताशी असलेल्या वस्तूंपासून खुर्च्या आणि आधार कसे बनवायचे, ते त्यात आहे.

या बायकांनी आणि कार्यकर्त्यांनी सांगितलेल्या गोष्टी आपल्या घरात अशा बसतात.

ज्या मुलाचे पाय कात्रीसारखे अडकतात त्याला तान्ह्या बाळासारखं आडवं, पाय जुळवून उचलू नये. कडेवर घ्यावं. एक पाय पोटाकडे, एक पाठीकडे असे पाय फाकतात आणि ताठपणा कमी होतो. आपल्या आज्या जे करत आल्या तेच परदेशातल्या पुस्तकात उपाय म्हणून छापलेलं आहे. फक्त कड बदलत राहा, त्याच्यासाठीही आणि आपल्या कमरेसाठीही.

भरवताना लेकराला आडवं ठेवून घशात ओतू नये. अन्न श्वासनळीत जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. मांडीवर किंवा भिंतीच्या कोपऱ्यात उशा लावून सरळ बसवा, मान मागे पडू देऊ नका, हनुवटी किंचित छातीकडे असू द्या. चमचा समोरून आणा, वरून नको. पाण्यासारख्या पातळ पदार्थाने ठसका जास्त लागतो. घट्टसर पेज, मऊ खिमट बरं. जेवल्यावर अर्धा तास बसतंच ठेवा.

जे लेकरू स्वतः कूस बदलू शकत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदला. कमरेचा माकडहाडाचा भाग, टाचा आणि डोक्याची मागची बाजू रोज पाहा. लाल डाग पडला आणि दाब काढल्यावरही गेला नाही तर त्या जागेवर पुन्हा वजन पडू देऊ नका. झोपताना पायांत गोधडीची वळकटी ठेवा.

अलीकडचे तज्ज्ञ आणखी एक सांगतात. आपण त्याचे हात हलवत बसण्याने थोडंच साधतं. त्याला स्वतःला करायचं काहीतरी हवं. वाटी धरणं, बॉल ढकलणं, पिशवीतून शेंगा काढणं. वेळ लागेल, सांडेल, पण मेंदू शिकतो तो करण्यातून.

फिट आणि रात्रीचं जागरण

यातल्या पुष्कळ मुलांना फिट येते. फिटवरचं एक जुनं औषध आजही आपल्या सरकारी दवाखान्यांत मिळतं. ते फिटवर चालतं हे जर्मनीतले तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांनी १९१२ साली दाखवलं. सांगतात की रात्रपाळीला वॉर्डातल्या रुग्णांच्या फिटमुळे त्यांना झोप लागेना, म्हणून शांत झोपेसाठी ते औषध रुग्णांना दिलं आणि फिटच कमी झाल्या. रात्री जवळ कुणी जागं होतं म्हणून हे कळलं.

आपल्याकडे फिट आली की कांदा हुंगवतात, चप्पल नाकाला लावतात, दातखीळ उघडायला चमचा घालतात. कांद्या-चपलेने काही होत नाही आणि चमच्याने दात तुटतो. लेकराला कुशीवर वळवा, गळ्याजवळचं कापड सैल करा, डोक्याखाली मऊ काही द्या आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली तर थेट दवाखाना. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणीही नको. आणि चालू गोळी मनाने कधीच बंद करू नका. अचानक थांबवली तर फिट जोराने उलटते.

मुंबईची एक आई, गडचिरोलीच्या आरोग्यदूत

आता आपल्या राज्यात येऊ. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी १९६६ साली जन्मली. तिला मेंदूचा पक्षाघात होता. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. मिठूताई तिला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी पाहिलं की मालिनीचं अंग साथ देत नसलं तरी बुद्धी शाबूत आहे आणि तिला शिकवता येतं. त्या स्वतः अशा मुलांना शिकवायचं शिक्षण घेऊन परतल्या आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत कुलाब्याला तीन मुलांची शाळा सुरू केली. अभिनेत्री नर्गिस दत्त यांनी या कामाला मोठा हातभार लावला. एकाच छताखाली शिक्षण आणि उपचार, ही कल्पना त्या वेळी आपल्याकडे नवी होती. पुढे कोलकाता, दिल्ली, चेन्नई अशा शहरांतही कामं उभी राहिली. मालिनी चिब यांनी लंडनमध्ये दोनदा एमए केलं आणि एका बोटाने टाइप करून 'वन लिटल फिंगर' हे आपलं आत्मचरित्र लिहिलं.

दुसरी हकिगत गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळ जन्मताच रडलं नाही तर काय करायचं, श्वास कसा द्यायचा, वजन कसं करायचं, ऊब कशी राखायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. १९९९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, शेजारच्या इतर गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. कोंडलेला श्वास वेळेवर मोकळा करणं म्हणजे जीव वाचवणं आणि मेंदूही राखणं. २०११ पासून देशभरच्या आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देतात. बाळंतपण दवाखान्यात झालं तर सहा, घरी झालं तर सात. त्यामागे या बायकांचं काम आहे. म्हणून आशाताई दारात आली तर "बाळ झोपलंय" म्हणून परत पाठवू नका.

बैठक तिच्या ओसरीवर

हे सगळं एका ओळीत ठेवलं तर काय दिसतं? केनीने दुखणारं अंग हातात धरून पाहिलं. सिस्टर वॉर्डने बाळ उजेडात उघडं करून पाहिलं. फातिमाबाई आणि मिठूताई आपापल्या लेकीजवळ बसून शिकल्या. नवी गोष्ट आधी दिसली ती लेकराच्या जवळ जास्त वेळ असलेल्या माणसाला. पण ती जगाला उपयोगी पडली तेव्हाच, जेव्हा कुणी ऐकून घेतलं आणि लिहून ठेवलं. सिस्टर वॉर्ड बिचकत बोलली. ती बोललीच नसती तर?

आपल्या गटांतल्या अशा आया बोलत नाहीत. बैठकीला येत नाहीत, कारण लेकराला कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्न. बैठक चुकली की बचत चुकते, बचत चुकली की कर्ज मिळत नाही, आणि औषधाला पैसे लागतात तेव्हा सावकाराकडे जावं लागतं. आम्ही ज्या गावांत काम करतो त्यांतल्या एका गटाने ठरवलं, आपण बैठक तिच्याच ओसरीवर घ्यायची. आता महिन्याची बैठक तिथेच भरते. लेकरू कोपऱ्यात पाटाच्या खुर्चीत बसून सगळ्यांकडे बघतं. दोघीजणी आळीपाळीने आठवड्यातून एक दुपार त्याच्याजवळ बसतात आणि ती बाजाराला जाते, नाहीतर नुसती झोपते. भरवायचं कसं ते तिने या दोघींना शिकवलं. गटाने तिला हिशेबाची एक जास्तीची वही दिली. तिच्यात ती फिटची तारीख, वेळ, मिनिटं आणि त्याआधी ताप होता का, गोळी चुकली होती का, एवढं लिहिते. डॉक्टरांनी ती वही पाहिली तेव्हा फिट बहुतेक पहाटेच्या असल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी औषधाची वेळ बदलली.

सरकारी वाटाही माहीत असू द्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तेव्हा लेकरू दाखवा. संशय वाटला तर ते जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. लेकरू चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत मान धरत नसेल तर त्या दिवसाची वाट न बघता आधीच जा. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, मेंदूचा पक्षाघात त्यांत आहे. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची 'निरामय' ही विमा योजना अशा मुलांच्या उपचाराला एक लाख रुपयांपर्यंत हात देते. अर्ज कसा भरायचा ते आपल्या ग्रामसंघात विचारा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हजेरी झाल्यावर एकच प्रश्न विचारा. लेकरामुळे घराबाहेर पडता येत नाही अशी आपल्या वाडीत कोण आहे? नाव निघालं की दोघीजणी तिच्याकडे जा. जाताना उपदेश नेऊ नका, एक कोरी वही न्या. आणि तिला काय काय कळलंय, ते आधी ऐकून घ्या.